आईसाहेबांचा उजवा हात

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मी ऐकीव सांगत नाही. मी हॉविस, आईसाहेबांची दासी. त्यांच्या खुर्चीशेजारीच उभी होते...

नोव्हेंबरातला संत मार्टिनचा सण. भर दुपार. इंग्लंडात यॉर्कच्या उत्तरेला, आमच्या उमरावांची गढी.

उमराव वॉरिन म्हणजे राजाचे चुलत भाऊ. त्यांचा धाकटा भाऊ ड्रोगो बंडखोरांना मिळाला. बंड फसलं, तसा मठात लपला. मठात शिरून कुणाला धरता येत नाही. म्हणून राजानं वॉरिननाच पाठवलं.

"बाहेर ये. तुझ्या केसाला धक्का लागणार नाही. माझा शब्द."

ड्रोगो हसत बाहेर आला. राजाच्या शिपायांनी त्याला तिथंच धरलं.

भावाच्या जिवासाठी वॉरिननी राजापुढे तीनदा गुडघे टेकले. राजा म्हणाला, "दादा, शब्द तू दिलास. मी नाही."

नवव्या दिवशी ड्रोगोचं डोकं उडवलं.

आईसाहेबांना, म्हणजे या दोघांच्या आईला, कुणीच सांगितलं नाही. त्या डोळ्यांनी अधू. 'ड्रोगो राजाकडे आहे,' एवढंच त्यांना माहीत.

सणाला भाजलेलं मांस कापून वाढायचा मान ड्रोगोचा. त्या दिवशी वाढपी उस्बर्ट सुरी उचलायलाच धजेना.



आणि... खर्र... खर्र...

लाकडावर सुरी ओढल्याचा आवाज.

सुरी जागेवरच होती.

दालनातली कुत्री उठली. शेपट्या हलवत आईसाहेबांकडे आली... आणि एकदम विव्हळायला लागली.

आईसाहेब हसल्या. "आला वाटतं माझा उडाणटप्पू! चोरपावलांनी येतोस होय रे मेल्या? आईला आधी भेटावं!"

वॉरिन पांढरेफटक. "आई... तिथं कुणी नाही."

"तू गप रे. माझं लेकरू मला कळत नाही?"

त्यांनी उजवा हात मागे नेला. हात हवेत थांबला... कशावर तरी टेकल्यासारखा.

"वाळलास रे बाळा," त्या म्हणाल्या.

हात वर सरकला. खांदा... मान...

तिथंच अडला. बोटं रिकाम्या हवेत चाचपडली.

"वॉरिन," त्या अगदी हळू म्हणाल्या, "याचं डोकं कुठंय रे?"

  राजापुढे तीनदा वाकलेला माणूस आईपुढे नुसता बसून राहिला.

आईसाहेबांनी पुन्हा काहीच विचारलं नाही. जेवणही जवळजवळ सोडलं.

त्यांचा डावा हात उबदार असायचा. उजवा मात्र त्या दिवसापासून गारठलेला... मी लोकरीत गुंडाळला, गरम पाण्यात धरला, शेकोटीपाशी बसून चोळला. काही उपयोग नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "सोड गं हॉविस. त्यानं धरलाय."

मी सोडला.

हात खाली पडला नाही...

तसाच, वर, अधांतरी राहिला.

मी पळाले. परत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. मरत्या बाईला एकटं टाकून पळाले, हे मला अजून छळतं.

पण एकटं... असं तरी कसं म्हणू?