आर्नेटा मावशी दारात उभी राहते

“अगं बाई, त्याचं ऐकू नकोस! पक्का लबाड आहे मेला!”

आर्नेटा मावशीने रंगमंचावरच्या नायिकेला मोठ्याने बजावलं आणि दुपारच्या खेळाला आलेली निम्मी माणसं वळून बघायला लागली. जोनेल गालातल्या गालात हसली. बाल्टिमोरमधल्या त्यांच्या चर्चमध्ये पाद्रीबाबा रंगात आले की सगळे अशीच साथ देतात. तिथे गप्प बसणं म्हणजे आवडलं नाही असं तोंडावर सांगणं!

पण इथे नाटक काळ्या कुटुंबाचं आणि प्रेक्षक जवळजवळ सगळे गोरे. कृष्णवर्णीय म्हणून या दोघी आणि... हातात टॉर्च घेऊन लगबगीने येणारा, लोकांना जागा दाखवणारा तो उंच तरुण.

“मॅडम, प्लीज...” त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. मध्यंतर होताच तिने पर्स उचलली. “ही आपली जागा नाही, जोनेल. मला पुन्हा आणू नकोस.”

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून मावशी दर वाढदिवसाला तिला नाटकाला आणायची. त्या एका दिवसावर दोघी वर्षभर बोलायच्या. आता तेही संपलं?

मावशीला बाहेर बाकावर बसवून ती तरातरा परत आली.

“नाव काय तुझं?”

“कॉर्डेल.”

“लहानपणी चर्चला कोणाबरोबर जायचास?”

“आजीबरोबर... का?”

“आजीलाही असंच गप्प बसवायचास?”

“नियम आहे... मी नवा आहे...” खरं सांगायचं तर एवढ्या रागातही जोनेलला दिसलंच, की याच्या पापण्या भलत्याच लांब आहेत. आता पापण्यांकडे बघायची ही वेळ होती का? पण दिसल्या, त्याला ती काय करणार!

“मला त्यांची माफी मागायचीय,” तो हळूच म्हणाला. “कुठलं चर्च तुमचं?”

“उद्यानामागचं, लाल विटांचं. हिंमत असेल तर ये रविवारी.”

आला की हो! दारात मावशी उभी. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी. एकतीस वर्षं ती तिथे येणाऱ्यांचं स्वागत करत होती. तिथली रीतच अशी, की हातमोजे घातले की दारात वैरी आला तरी हसून आत न्यायचं. मावशीने दात आवळले, मग हसली आणि त्याला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. वर कागदी पंखा आणि पेपरमिंटची गोळीही दिली.

प्रवचन रंगलं. कॉर्डेल भान विसरून ओरडला, “खरंय बाबा, अगदी खरंय!” आणि एकदम दचकून त्याने मावशीकडे पाहिलं.

“थांबलास का?” मावशी म्हणाली. “बोल की!”

त्याचे डोळे भरून आले. मागच्या बाकावरच्या जोनेलचेही.

प्रार्थना संपल्यावर तो मावशीसमोर येऊन उभा राहिला. “मिस आर्नेटा, चुकलं माझं. काल मी नाट्यगृहाच्या मॅनेजरबाईंशी भांडलो. पुढच्या महिन्यात एका दुपारचा खेळ तुमच्या चर्चला द्यायला त्या तयार आहेत, हवं तेवढं बोला म्हणाल्या. पण आमच्या दारात तिकीट बघतात, माणसाकडे कोणी बघत नाही. आम्हाला शिकवाल?”

“तिथे पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलंय मी.”

“पाहुण्या म्हणून नका येऊ. घरच्या म्हणून या.”

मावशीने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. शेवटी म्हणाली, “माझ्याबरोबर दारात उभ्या राहणाऱ्या सहाही जणी येतील. आणि तुझा तो टॉर्च घरी ठेवायचा!”

मग दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये शिकवणी. कॉर्डेलचा हात काही केल्या नीट पाठीशी जाईना.

“असा?”

“नाही रे, असा...” जोनेलने त्याचं मनगट धरलं आणि सोडायचं राहून गेलं.

“जमलं का आता?” त्याने मिश्कीलपणे विचारलं.

“छे. अजून खूप शिकायचंय तुला.”

“मला घाई नाही,” तो म्हणाला. लाजेने जोनेलचे कान तापले.

खेळाच्या दुपारी नाट्यगृहावर चर्चच्या दोन बस भरून माणसं आली, ठेवणीतल्या टोप्या घालून. “या, या, बरं झालं आलात! तुमचीच वाट बघत होते,” मावशी दारात प्रत्येकाला म्हणत होती. चार गल्ल्या पलीकडे जन्म गेलेले एक आजोबा पहिल्यांदाच ती पायरी चढले. मावशीने हात धरून त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. सभागृह हसलं, हळहळलं, नटांना सल्ले देत सुटलं. नायिकासुद्धा टाळ्या थांबेपर्यंत हसत उभी राहायची. आणि सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा, हे का सांगायला हवं?

जोनेल भिंतीशी उभ्या कॉर्डेलजवळ गेली. “माझी मावशी मला परत दिलीस तू. कसे आभार मानू?”

“एक कबूल करायचंय,” तो पुटपुटला. “त्या रविवारी मी नुसता माफीसाठी आलो नव्हतो...”

“माहितीये. सगळं चर्च पाद्रीबाबांकडे बघत होतं आणि तू मान वळवून मागच्या बाकाकडे!”

“मग... रागावलीस?”

तिने त्याच्या बोटांत बोटं गुंफली.

खेळ संपला तशी मावशी आली. घामाघूम, आवाज बसलेला, डोळे लखलखत. “पोरी,” ती म्हणाली, “पुढचं नाटक कधी लागतंय गं?”

जोनेलने तिला मिठीच मारली. मग मावशीच्या खांद्यावरून कॉर्डेलकडे पाहत म्हणाली, “तूही ये.”

“ड्यूटीवर?”

“नाही,” जोनेल म्हणाली. “माझ्या शेजारी.”