विरामातला श्वास

आयलिफ थापा मारणाऱ्यातला नाही. भुताखेतांची तर तो टिंगलच करायचा. पण हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलंय.

नोव्हेंबरची दुपार. नॉर्वेतलं, हार्डांगर खाडीकाठचं लाकडी चर्च. चार वाजायच्या आतच बाहेर अंधारून आलेलं.

व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसाठीची एक जुनी रचना सुनिवा वेगळ्या वाद्यांवर बसवत होती. तेच तिचं संशोधन. व्हायोलाचे सगळे स्वर तिने अकॉर्डियनला दिले होते. कारण व्हायोला वाजवणारा तिचा थोरला भाऊ तोर्युस मार्चमध्ये याच खाडीत बुडाला. दुसऱ्या कुणाचा व्हायोला तिला ऐकवतच नव्हता. आता हे जमलं नाही, तर त्यांचं पथक मोडणार होतं.

आयलिफ व्हायोलिनवर. सुनिवा चेलोवर. आणि अकॉर्डियन घेऊन नवी आलेली राग्ना... तोर्युसच्या जागेवर.

रेकॉर्डिंग सुरू झालं.

मध्ये एक मोठा विराम येतो. तिघंही थांबतात. मग एकजण ऐकू येईल असा श्वास घेतो, आणि त्या इशाऱ्यावर सगळे एकदम सुरू करतात.

श्वास आला...

तिघांनी एकदम सूर धरला. अगदी चोख.

"वा राग्ना! इशारा झकास दिलास," वाजवून झाल्यावर आयलिफ म्हणाला.

"मी कुठे? मला वाटलं, तूच दिलास."

दोघांनी सुनिवाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तो इशारा तोर्युस द्यायचा," ती म्हणाली. "मी त्याचे स्वर राग्नाला दिले... श्वास कुणालाच दिला नाही."

"तुझ्या अकॉर्डियनच्या भात्याचा आवाज असेल गं, राग्ना," आयलिफ म्हणाला.

"भाता मिटलेला होता! उगाच माझ्या नावावर बिल फाडू नकोस."

कुणी हसलं नाही.

"पुन्हा घेऊ. इशारा मी देते," सुनिवा म्हणाली.

या वेळी तिने छाती भरून श्वास घेतला. सगळं सुरळीत पार पडलं. सुटल्यासारखं वाटून तिला रडूच फुटलं.

मग त्यांनी ते दुसरं रेकॉर्डिंग ऐकलं.

आयलिफचा श्वास ऐकू येत होता. राग्नाचाही. सुनिवाचा कुठेच नव्हता...

विराम आला.

आणि श्वास आला. खोल... ओला. पाण्यातून वर आलेल्या माणसाचा.

"हा तुझा नाही, सुनिवा," आयलिफ म्हणाला.

"माझाच आहे. मीच घेतला ना रे आत्ता!"

"इतकी वर्षं तोर्युसच्या शेजारी बसलोय मी. त्याचा श्वास ओळखतो."

सुनिवाने रेकॉर्डिंग बंद केलं.

संशोधन मान्य झालं. पथकही टिकलं. ती रचना ते अजून वाजवतात. विराम आला की श्वास ऐकू येतो, आणि तिघं सुरू करतात.

आयलिफ तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतो. एकदा त्याने नीट पाहिलं होतं. सुनिवाचे ओठ घट्ट मिटलेले होते. नाकपुडीही हलत नव्हती.

त्या श्वासाबरोबर छाती मात्र भरत होती...

तिला हे सांगायची त्याची अजून हिंमत झालेली नाही.