येझदीची हवा

"अहो, पस्तीस नको! गाडी उडाय लागंल..."

निपाणीच्या पेट्रोल पंपावर मी आप्पांच्या जुन्या येझदी मोटारसायकलीत हवा भरत होते, तर एक जण मागून ओरडला. काखेत हेल्मेट, बेळगावच्या फौंड्रीचा निळा शर्ट, आणि डोळे — माझ्याकडे नाही, गाडीकडे.

"नव्या गाड्यांचा आकडा हाय तो. हिला किती लागती, ते मात्र मला बी ठाऊक न्हाय."

आप्पांना, माझ्या वडलांना, ठाऊक होतं. अंगठ्यानं टायर दाबायचे, "व्हय" म्हणायचे, आणि मला टाकीवर बसवून तंबाखूच्या शिवारातून न्यायचे. ते गेले, तसा तो अंदाजही गेला. आता गाडी प्रत्येक खड्ड्याला उसळायची. एकदा मी पडलेही. त्यानंतर सन्मतीदादानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं; महिनाअखेरीला गाडी जाणार होती.

हे सगळं मी त्या परक्या माणसाला का सांगितलं, कुणास ठाऊक.

"म्हंजे तीन रविवार हायत," तो म्हणाला. रविराज त्याचं नाव.

पहिल्या रविवारी त्यानं टायरवर खडूची आडवी रेघ ओढली आणि मला फेरी मारायला लावली. आले, तर रेघ फक्त मधेच पुसलेली.

"हवा जास्त, ब्राह्मी. कडा रस्त्याला टेकंनात."

थोडी हवा सोडायची, पुन्हा रेघ, पुन्हा फेरी... रस्त्याकडेला गुडघे टेकून आम्ही टायर बघायचो. डोक्याला डोकं लागलं, की दोघंही उगाचच हवा मोजायच्या गेजकडे बघायचो.

तिसऱ्या रविवारी जमलं. पुढं अठरा, मागं चोवीस. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली गेली. धुक्यात तंबाखूचा उग्र वास होता, आणि गाडी — आप्पा चालवायचे तशी चालली. परतले तेव्हा माझे डोळे भरले होते.

तिथूनच दादाला फोन लावला. "गाडी विकायची न्हाय. आता पडत न्हाय मी."

दादा आधी ओरडला, मग "सांभाळून चालीव," म्हणाला.

रविराज मात्र तोंड पाडून पायपंप गुंडाळत होता.

"काय झालं?"

"काय न्हाय... पुढच्या रविवारी यायला काम उरलं न्हाय."

"हाय की. चोवीस एकटीला झालं. मागं माणूस बसलं, तर किती?"

त्यानं पंप खाली ठेवला. "ते... बसून बघाय लागंल."

"मग बस की रं!"

'रं' तोंडून गेलं ते गेलंच. रविराज लाजला — लई लाजला — आणि बसला. मागचा टायर जरासा दबला. ते ओझं मला हवंसं वाटलं.