चाक सावकाश फिरव

लाइट गेली, मोबाइल मेले, तेव्हा कुठे भाच्यांना मामा आठवला. एरवी मामा बोलायला लागला की यांना अभ्यास आठवतो. जिन्यात मेणबत्ती लावून तिघं त्याच्याभोवती बसली.

"मामा, भुताची सांग. पण खरी हां."

"भूतबीत मला ठाऊक नाही. जन्मभर पाणीखात्याची जीप चालवली, तर पाण्याची सांगतो. ऐकायची तर ऐका, नाहीतर वर जाऊन अंधारात झोपा."

वर कुणीच गेलं नाही. मामाने पाय पोटाशी घेतले आणि सुरुवात केली.

माझा एक दोस्त आहे, व्हॉल्व्हवाला. अंगाने रेडा, पण मनाने गाय. गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख, रविवार, रात्रीचे साडेअकरा. मोठ्या पाइपला तडा गेला होता म्हणून दोन दिवस लाइन रिकामी केलेली. तडा जोडायला आत उतरला होता त्याचाच मेहुणा, वेल्डर. संध्याकाळी काम संपलं, माणसं पांगली. आता व्हॉल्व्हवाल्याने पाणी सोडायचं, बस्स. दवाखान्याची टाकी तळाला गेली होती. सकाळपर्यंत पाणी पोचलंच पाहिजे, असा साहेबाचा हुकूम.

त्या कामाची एक रीत आहे. माणूस ओणवा होऊन चालेल एवढा पाइप. आत जाणारा आपल्या चपला पाइपात उतरायच्या झाकणापाशी काढून जातो. चपला बाहेर, म्हणजे माणूस आत. चपला आहेत तोवर झाकणाला हात लावायचा नाही. कागद नको, सही नको.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक म्हातारा फिटर असाच आत उतरला होता. पावसाची सर आली. कुण्या भल्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याच्या चपला भिजतील. उचलल्या आणि व्हॉल्व्हघरात खिळ्याला अडकवल्या. भल्या माणसाइतका घात वैरीसुद्धा करत नाही, लक्षात ठेवा. चपला दिसल्या नाहीत, झाकण बसलं, पाणी सुटलं. म्हातारा आतून ठोठावत असणार. पाण्याच्या गोंगाटात कोण ऐकतंय? चपला कुणी उचलल्या, ते कुणीच कबूल केलं नाही. तेव्हापासून आणखी एक रीत पडली. पाणी सोडण्याआधी पाइपावर पान्याने ठोकायचं आणि कान लावायचा.

त्या चपला अजून त्याच खिळ्याला होत्या. टायरच्या तळाच्या, धुळीने माखलेल्या. काढून टाकायची कुणाची छाती झाली नाही.

तर व्हॉल्व्हवाला टॉर्च घेऊन झाकणापाशी गेला. चपला नाहीत. झाकणाचे नट घट्ट. चला, सुटलो, म्हणाला. पान्याने ठोकलं. ठक, ठक. कान लावला.

आतून आलं... ठक, ठक.

"पाइप गार होताना वाजतो," मोठा भाचा म्हणाला. "लोखंड आकसतं ना."

"अरे वा, आला मोठा इंजिनिअर! साहेबही फोनवर हेच बोलला. पण आपण ठोकलं तेवढंच ठोकून कुठलं लोखंड आकसतं रे?"

व्हॉल्व्हवाल्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, भावजी घरी आलेत?"

"घोरतायत. ऐकू येत नाही का? आणि काय रे, तुमच्या कामावर चोर भरलेत का? अनवाणी आलेत घरी. नव्या चपला, निळ्या पट्ट्याच्या. बाहेर येऊन बघतात तर गायब!"

त्याने फोन ठेवून पुन्हा पाना उचलला. गडी हुशार. त्याने सगळे नट सोडले, झाकण उघडलं, टॉर्च आत मारला. तिथून व्हॉल्व्हपर्यंत पाइप सरळसोट. दुसरीकडेही वळणापर्यंत उजेड गेला. हाका मारल्या. ओणवा होऊन वळणापर्यंत जाऊनही आला. कुणी नाही. कोरडा पाइप. नुकत्याच जाळलेल्या लोखंडाचा वास, बाकी काही नाही.

झाकण परत बसवलं. शेवटचा नट आवळला. तळवा झाकणावर टेकलेला होता... आणि तळव्याच्या बरोबर खाली...

ठक.

तो पळाला. व्हॉल्व्हघरात शिरला, आतून कडी घातली. पुन्हा साहेबाला फोन.

"साहेब, आत कुणीतरी..."

"बघितलंस ना आत जाऊन?"

"बघितलं."

"आहे कुणी?"

"नाही, पण..."

"मग पण काय? दवाखान्यात पेशंट आहेत बाबा. चाक फिरव."

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रिकाम्या पाइपात पाणी भसकन सोडता येत नाही. आत हवा असते, तिला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. आणि धावतं पाणी एकदम अडवलं तर ते बैलासारखं मागे फिरून धडक देतं. लोखंड फुटतं. जिथे वळण तिथे पहिलं फुटतं. आणि वळणावर काय? कामगारांचे क्वार्टर. त्यात त्याची बहीण, भावजी आणि तान्हं पोर झोपलेलं. त्यातून त्या व्हॉल्व्हचे आटे झिजलेले. अर्धवट उघडून हात सोडला की पाणी अडवणारा आतला पडदा धाडकन खाली बसायचा. म्हणजे चाक हातात घेतलं की पूर्ण उघडून साखळी अडकवेपर्यंत सोडायचं नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

त्याने चाक धरलं. जरासं फिरवलं. पाणी फुसफुसलं. हवा शिट्टी मारत बाहेर पडायला लागली.

आणि पाइपात ठोठावणं सुरू झालं.

आधी लांबून. मग जवळून. ठक ठक. ठकठकठक. पाणी चढेल तसं घाईने. जसं कुणी दोन्ही मुठींनी...

त्याला वाटलं, फिरवावं उलटं, एका दमात बंद करून टाकावं. हात तसे वळलेसुद्धा. मग डोळ्यांपुढे ते पोर आलं. बंद केलं तर तिकडे फुटणार. तो रडत होता. रडत रडत फिरवत होता. सावकाश.

"माफ कर रे बाबा," म्हणत होता. "तू कोण आहेस मला ठाऊक नाही. माफ कर."

ठोठावणं हळू झालं.

मग एकच. ठक.

मग काही नाही.

नुसतं पाणी.

त्याने श्वास सोडला. चाक अजून बरंच फिरायचं होतं. तेवढ्यात पाठीमागे...

टप.

नळ नव्हता तिथे. छत पक्कं होतं.

टप... टप.

ओल्या पावलांचा आवाज. भिंतीकडून. त्याच्याकडे. एक पाऊल. थांबलं. दुसरं.

चाक सोडता येईना. मान वळवायची हिंमत होईना. गार वास आला, शेवाळाचा. मानेवर काहीतरी ओलं लागलं. चाक जरा जास्तच फिरलं, पाइप गुरगुरला...

कानाशी कुणीतरी म्हणालं, "सावकाश."

बस. एवढंच.

तो सावकाश फिरवत राहिला.

...

चाक पूर्ण उघडलं. त्याने चाचपडत साखळी अडकवली. आता पळता आलं असतं. नाही पळाला. पळायचं तर आधी मागे वळायला हवं. चाकाला मिठी मारून, डोळे मिटून उभा राहिला, खिडकीत उजाडेपर्यंत. दवाखान्यातून फोन आला, पाणी आलं म्हणून, तेव्हा वळला.

मामा थांबला. मेणबत्ती वितळून बसली होती. धाकटी भाची त्याच्या बाहीला धरून होती.

"मग? काय होतं मागे?"

काही नव्हतं. खोली रिकामी. दाराला आतून कडी, त्याने घातली होती तशीच.

फक्त खिळ्यावर म्हाताऱ्याच्या टायरच्या चपला नव्हत्या. त्यांच्या जागी निळ्या पट्ट्याचा नवा जोड अडकवलेला होता. चिंब भिजलेला. खाली जमिनीवर थारोळं साचलं होतं, आणि चपलांतून पाणी गळतच होतं.