अकरा सेकंदांचा तुकडा

नागनाथ रेल्वेत सिग्नल दुरुस्तीला होता. बिघाड झाला की आधी वेळ लिहायची, मग कारण शोधायचं, ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की घरचा मिक्सर बंद पडला तरी स्वारी वही काढायची. बायको, अमिता, त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवायची. त्या रविवारी सकाळी जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये वही निघाली ती डीव्हीडीसाठी.

याच फ्लॅटच्या वास्तुशांतीची फिल्म होती. शूटिंग सगळं धाकट्या भावाचं, बळवंतचं. म्हणून तो स्वतः त्यात फक्त अकरा सेकंद दिसायचा. कुणीतरी त्याच्या हातचा फोन घेतला होता आणि तो ताट घेऊन, पाठमोरा, हॉलमधून आतल्या खोलीकडे निघाला होता. पुढे दोन महिन्यांत बळवंत अपघातात गेला.

आई हिंगोलीला. तिला काचबिंदू, उरलीसुरली नजरही फार दिवस टिकायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. फोनच्या पडद्यावर तिला काही उमगत नसे, पण तिच्या घरी मोठा टीव्ही होता आणि त्याला जुना डीव्हीडी प्लेअर. "बळवंताला एकदा चालताना बगू दे रे," एवढंच तिचं मागणं. शेजारच्या मैथिलीताई त्याच दिवशी चारला हिंगोलीकडे निघणार होत्या.

रिकाम्या डिस्का हल्ली मिळतात कुठे? गोपालपुऱ्यातल्या एका दुकानदाराने जुन्या मालातून चार शोधून दिल्या होत्या.

कम्प्युटरवर फिल्म भरताना पहिली बावन्न टक्क्यांवर अडकली. नागनाथने वेळ लिहिली आणि तिथे फिल्ममध्ये काय आहे ते पाहिलं. बळवंतचाच तुकडा होता. बळवंत चालत गेला आणि आतल्या खोलीच्या दाराचा पडदा त्याने हातात धरला. नागनाथला चांगलं आठवत होतं, तुकडा दाराच्या अलीकडेच संपायचा. त्याने घड्याळ लावून मोजलं. चौदा सेकंद. 'प्रोग्रॅमची गफलत,' त्याने वहीत लिहिलं.

त्याने फाइल नव्याने तयार केली, बाकीचं सगळं बंद केलं, डिस्क भरायचा वेग अगदी कमी ठेवला. दुसरी डिस्कही बावन्नवर अडकली. तुकडा आता एकोणीस सेकंदांचा होता. बळवंतने पडदा बाजूला सारला होता.

तिसरीच्या आधी त्याने ड्राइव्हचं भिंग पुसलं. पुन्हा बावन्न. या वेळी बळवंत आत गेला आणि त्याच्यामागे पडदा पडला.

नागनाथ बसला होता ती हीच आतली खोली. त्याने दाराकडे पाहिलं. पडदा हलत होता. पंखा चालू आहे, हे त्याने मुद्दाम स्वतःला बजावलं.

एक वाजला होता. डिस्क एकच उरली होती. केबल कुठे खराब झाली की तेवढा भाग कापायचा आणि टोकं जोडायची, ही त्याची वीस वर्षांची रीत. त्याने बळवंतचा तुकडा कापला. खरं सांगायचं तर तो पुन्हा चालवून बघायची त्याची छाती होत नव्हती.

मुलगी, गौतमी, मागून पाहत होती. "पप्पा, मतलब काकांनाच काढलं? आजीला तेच तर बघायचं होतं!"

"शेवटची डिस्क आहे, बाळा. बाकीचं तरी बघेल."

डिस्क शंभरावर गेली. त्याने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासली. बळवंत कुठेही नव्हता. 'बिघाड दूर,' त्याने लिहिलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. चारला मैथिलीताई ती घेऊन निघाल्या, तरी आईला काय सांगायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. नागनाथ त्याच खुर्चीत बसला होता.

"आई, एक सांगायचं राहिलं. त्यो बळवंताचा भाग..."

"बगितला की! लई बेस चालतोय रे माजा बळवंत. ताट घिऊन आत गेला."

नागनाथने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू आपला कम्प्युटरपाशी वहीत लिवत बसलेला," आई म्हणाली. "त्यो कवाचा तुज्या खुर्चीमागं हुबा हाय. एकदा तरी वळून बगायचं व्हतं."

"आई, पिक्चर कवा बगितलास?"

"बगायलेच की. दुपारपून चालू हाय. संपंनाच. आता तू फोनवर बोलायलास."

नागनाथने मान वळवली नाही.

"बळवंत?" त्याने हळूच विचारलं.

"हाय की. पण मला नीट दिसंना बग, तू मधी येतोस." आईचा आवाज अगदी मऊ झाला. "जरा बाजूला सरक, बाबा."

नागनाथ खुर्चीसकट बाजूला सरकला.

"हां," आई म्हणाली. "आता दिसला."