ठकूची गोधडी

पेटीचं झाकण उघडं टाकून बयाबाई तळाशी दोन्ही हात घालून चाचपत होत्या... एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. एवढी मोठी गोधडी कुठल्या कोपऱ्यात दडून बसणार होती? पण आईचं काळीज, ते मानायला तयार होईना. शेवटी त्या उठल्या, वळल्या, आणि सून रतनच्या शिवणाच्या टोपलीत सापडलेला हिरवा तुकडा त्यांनी मुठीतून बाहेर काढला.

रतन नुकतीच लोणावळ्याहून आली होती. पायांवर धूळ तशीच होती. बंगलेवाल्या बाईंच्या घरी लग्न होतं, पाहुण्यांना सुपारी-लवंग द्यायला चाळीस बटवे हवे होते, आणि ते वेळेत पोचते केल्याच्या समाधानात ती उंबऱ्याशी आली होती. तो हिरवा तुकडा तिने पाहताक्षणी ओळखला. गेले आठ दिवस तेच हिरवं कापड तिच्या सुईखाली होतं. जुनं, धुऊन मऊ झालेलं, बारीक कोयरीचं. ते ठकूच्या परकराचं आहे हे तिला कुठून ठाऊक असणार? ठकूला तिने कधी पाहिलंच नव्हतं. मानमोडीच्या साथीत ती अकरा वर्षांची पोर दोन दिवसांत गेली, तेव्हा रतनचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. लेकीचे परकर-पोलकी एकत्र करून बयाबाईंनी गोधडी शिवली होती आणि आठ वर्षं ती कुणाला अंगावर घेऊ दिली नव्हती.

रतनने नवऱ्याकडे पाहिलं. बजरंग खांबाला टेकून उभा होता आणि त्याची नजर जमिनीवर खिळली होती. त्या एका क्षणात तिला सगळं उमगलं.

दोन वर्षांपूर्वी भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडून बजरंगच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. तेव्हापासून आंबी गावातलं ते घर रतनच्या सुईवर चालत होतं. गावातली विटलेली लुगडी, फाटक्या चोळ्यांचे काठ, पटक्यांची टोकं ती मागून आणी, धुऊन वाळवी, धड असेल तेवढं कापून काढी. त्यातून बायकांसाठी बटवे होत, म्हाताऱ्यांसाठी पान-तंबाखूच्या चंच्या होत. आठवड्यातून एकदा तळेगावला आगगाडी धरायची, लोणावळ्याला उतरायचं, बंगल्याबंगल्यांतून फिरायचं. आणि बजरंग? तो ओट्यावर बसून शिवण कुठे वाकडी गेली ते दाखवायचा! म्हशीला वैरण टाका म्हटलं की उसासा टाकायचा, पण टाका वाकडा दिसला की लगेच बोट दाखवायचा. रतनला कधीकधी वाटे, टोपली उचलून याच्या मांडीत ओतावी आणि म्हणावं, घ्या, तुम्हीच शिवा.

पण लग्नाच्या बटव्यांना कापड कमी पडलं, आणि त्याच दिवशी बजरंग बोचकं घेऊन आला. तळेगावच्या बाजारात बोहारणीकडे मिळालं, म्हणाला. दोन वर्षांत या माणसाने पहिल्यांदा आपणहून काही केलं, या आनंदात रतनने एक शब्द विचारला नाही. त्या भाबड्या आनंदाची आता तिला स्वतःचीच चीड आली.

"कुणी फाडली?" बयाबाईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

रतनने पुन्हा बजरंगकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यात एकदा तो इंद्रायणीच्या डोहाशी एकटाच बसलेला सापडला होता. कशाला बसला होतास, याचं उत्तर त्याने कुणाला दिलं नव्हतं, आणि रतनने पुन्हा विचारण्याचा धीर केला नव्हता. या माणसाला आईच्या नजरेतून उतरवलं तर उरणार काय?

"मी फाडली, आत्याबाई," रतन म्हणाली. "कापड कमी पडलं."

बयाबाईंनी तुकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तो तुकडा कनवटीला खोचून त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी रतन पुन्हा लोणावळ्याला धावली. मांडव उतरला होता. बटवे पाहुण्यांबरोबर मुंबईला, नाशकाला, कुठेकुठे गेले होते. बंगल्यातल्या बाई भल्या होत्या, त्यांनी स्वतःजवळचा बटवा आणून दिला, पण तो निघाला तांबड्या लुगड्याचा! चाळिसांतला नेमका ठकूचं कापड नसलेला. परतीच्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसलेल्या रतनला रडावं की कपाळ बडवून घ्यावं, ते कळेना.

त्या दिवसापासून बयाबाईंनी सुनेशी अबोला धरला. काही सांगायचंच असेल तर त्या म्हशीला सांगत. "सरपण संपलंय गं बाई," असं गोठ्याकडे तोंड करून म्हणत, आणि रतन मुकाट्याने सरपण आणायला जाई. शेजारणींनी ऐकायचं ते ऐकलं, बोलायचं ते बोलून घेतलं. पाणवठ्यावर तिची घागर आली की बोलणी थांबत. मेल्या पोरीची गोधडी विकून खाल्ली म्हणे...

बजरंगला पश्चात्ताप नव्हता असं नाही. तो रोज होता! आज सांगतो, उद्या सांगतो. दसरा होऊ दे, मग सांगतो. दिवाळीत कशाला, आईला खोकला आहे, तो बरा होऊ दे. एके दिवशी तर रतन भाकरी थापत असताना त्याने तिलाच विचारलं की, कसं सांगू? तिने पीठ परातीत आपटलं आणि म्हणाली की, आता सांगूच नका, मला सवय झाली. तो लगेच "बरं" म्हणाला. त्या "बरं"वर ती दिवसभर जळत राहिली.

माघात बयाबाईंचे भाऊ अंबाजीमामा आले. बहिणीचं घर असं मुकं झालेलं पाहून त्यांचं डोकं फिरलं. सांज होत होती. ओट्यावर बसून त्यांनी सगळ्यांदेखत रतनच्या चुकांचा पाढा वाचला. जिला घरातलं दुःख कळत नाही ती सून कसली, तिला शिरगावला तिच्या भावाकडे पोचवून यावं, बजरंगसाठी दुसरी बघू, पोरगी माझ्या पाहण्यात आहे, असं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. रतन दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या मनात राग नव्हता, दुःखही नव्हतं, होता तो नुसता शीण. शिरगाव तर शिरगाव. तिथे निदान कुणी म्हशीमार्फत बोलणार नव्हतं. ती बोचकं बांधायला आत वळली.

"मामा, गोधडी म्या फाडली."

बजरंग उठून उभा राहिला होता. "तिला ठाव बी नव्हतं. बोहारणीकडून आणलं म्हणून म्या खोटं सांगितलं. ती माज्यापायी गप ऱ्हायली."

मामा बहिणीकडे वळले. आणि बयाबाई... त्यांनी डोळे मिटले आणि किती तरी महिने छातीत कोंडलेला श्वास सोडावा तसा सोडला.

"बोललास बाबा एकदाचा," त्या म्हणाल्या.

"आय, तुला ठाव हुतं?"

"पहिल्या दिसापासनं." त्यांनी कनवटीचा तुकडा काढून भावापुढे धरला. "रतन टाका उसवती ती सुईच्या टोकानं. ह्यो बघ, दातानं फाडलाय. एका हाताचा मानूस दुसरं काय करनार?"

रतन दारातून पुढे आली. मग इतके महिने आवरलेलं सगळं एकदम वर आलं.

"तुमाला ठाव हुतं, आत्याबाई? आनि मी पाणवठ्यावर मान खाली घालून फिरत हुते? ह्यांनी सांगायचं न्हाई, तुमी इचारायचं न्हाई, आनि मधी मी एकटीनं जळायचं?"

"तू खोटं का बोललीस?" बयाबाईंचाही आवाज चढला, पण डोळे भरून आले होते. "त्याची बोटं गिरनीनं नेली. पर बाकीचा मानूस तू झाकून ठेवत हुतीस. आज बोलंल, उद्या बोलंल, म्हणून मी वाट बघत बसले. ठकूचं कापड गेलं, लय दुखलं गं मला. पर ठकू तर कवाच गेली. ह्यो जित्ता हाय. ह्याला कुटवर पेटीत ठेवायचं?"

त्यांनी सुनेचा हात धरला. "तुला लय तरास दिला. चुकलंच माजं. म्हातारीनं आधीच बोलायला पायजे हुतं."

रतनला त्या हातात तोंड लपवून रडावंसं वाटत होतं. पण इतक्या सहज? इतक्या महिन्यांचा हिशोब एका "चुकलं"त? तिने हात सोडवून घेतला, आज मी चुलीपुढे बसणार नाही, असं दोघांना ठणकावून सांगितलं, आणि परसात शेवग्याखाली जाऊन बसली. मामांना तेवढ्यात आपल्या बैलांची आठवण झाली, आणि ते निघाले.

आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले. परात पडली. सासूबाई काही तरी बोलल्या, नवरा काही तरी पुटपुटला, मग जळक्या भाकरीचा वास आला. रतन उठली नाही. करू देत म्हणाली मनाशी.

बऱ्याच वेळाने बजरंग डाव्या हातावर ताट तोलत आला. पिठलं होतं आणि एका अंगाने करपलेली जाड भाकरी. त्याने ताट तिच्यापुढे ठेवलं आणि तिथेच मातीत बसला. रतनने घास मोडला. आसवं खुशाल ताटात पडत होती, तिने ती पुसली नाहीत.

"पिठल्यात मीठ न्हाई," भाकरी संपत आली तेव्हा ती म्हणाली.

"त्यानंच केलंय, त्याला सांग," आतून बयाबाई ओरडल्या. "मी सांगत हुते, ऐकलं न्हाई."

बजरंग मीठ आणायला उठला. रतनने मान वर केली, रिकामी होत आलेली थाळी त्याच्या पुढे धरली आणि रागानेच म्हणाली, "आनि येताना अजून एक भाकरी आना. ही करपलेली नगं."