रतनसरच्या इतिवृत्तातली दुरुस्ती

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या उत्कर्षा शिर्केला भित्री म्हणायची कुणाची छाती नव्हती. तरी त्या मंगळवारी भर दुपारी, रतनसरच्या शाकमार्केटात, ती अगदी रडकुंडीला आली होती... आणि कारण असं, की चारचौघांत सांगायचीही सोय नाही.

रतनसर म्हणजे बडोद्यापासून तासाभरावरचं गाव. एक तलाव, एक हायस्कूल आणि स्वतःची नगरपालिका, चोवीस नगरसेवकांची. तिथलं भाजीमार्केट नव्यानं बांधायचं ठरलं आणि नकाशाचं काम बडोद्यातल्या अलकापुरीच्या ज्या ऑफिसला मिळालं, तिथे उत्कर्षा नोकरीला होती. अख्खं काम तिच्या एकटीच्या हातात पहिल्यांदाच आलेलं. त्यामुळे बाईसाहेब सकाळी आठलाच टेप घेऊन हजर. ओटे मोजले, वाटा मोजल्या, भाजीवाल्यांनी आग्रहानं दिलेला चहा दोनदा प्यायली. आणि साडेबारा वाजता तिच्या लक्षात आलं, की दीडशे बायका जिथे दिवसभर बसतात, त्या बाजारात बायकांसाठी एकसुद्धा संडास नाही.

तिनं मंगुबेनना हळूच विचारलं. मंगुबेन वांगी विकायच्या, वीस वर्षं त्याच ओट्यावर. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "अमे तो पाणी ज नथी पीतां, बेन." सकाळी सहाला बसायचं ते संध्याकाळी उठायचं, मधे पाण्याचा घोट नाही. वांग्यांवर मात्र त्या दर थोड्या वेळानं पाणी शिंपडत होत्या.

आता काय करावं, या विचारात उत्कर्षा उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर... तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. चौकड्यांचा शर्ट घातलेला एक तरुण उतरला, मंगुबेनशी दोन शब्द बोलला आणि तिच्याकडे धड न बघताच गुजरातीत म्हणाला, "बेन, मागच्या गल्लीत माझं घर आहे. आई घरीच आहे. चला."

बास, एवढंच. काय झालं, का झालं, एक प्रश्न नाही. परक्या गावात परक्या माणसाच्या मागे ती एरवी गेली असती होय? पण त्या 'बेन'मध्ये असं काही होतं, की ती मुकाट्यानं निघाली. दारापर्यंत तिला सोडून तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला, पाठ करून. आतून त्याच्या आईचा आवाज आला, चक्क मराठीतून... "शुभंकर, कोण रे आलंय?"

पाच मिनिटांनी उत्कर्षा तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा तिला सगळं जग सुंदर दिसत होतं. त्यात हातात ताकाचा पेला घेऊन उभा असलेला शुभंकर दळवीही सुंदर दिसला, तर तिचा काय दोष? त्याच्या आईकडून, नयनाकाकूंकडून, कळलं ते असं. त्याचे पणजोबा संस्थानच्या काळात शाळा तपासनीस म्हणून रतनसरला आले आणि दळवी तिथेच रुजले. शुभंकर गणिताच्या शिकवण्या घेतो. आणि दोन वर्षांपूर्वी निवडून येऊन नगरसेवक झालाय, सभेतला वयानं सगळ्यात लहान.

"मग नगरसेवकसाहेब," ती ताक पिता पिता म्हणाली, "दोन वर्षं काय केलंत?"

त्याचे कान लाल झाले. "दोनदा मागणी मांडली. दोनदा पडली. यंदा नवीन नकाशा येणार म्हणून वाट बघतोय."

नकाशा येणार होता तो तिच्याचकडून. आणि खरं सांगायचं तर त्या नकाशात संडास होता... पार मागे, नाल्याच्या काठावर, जिथे दिवसाही कुणी फिरकत नाही. जागा न बघताच, बडोद्यात बसून तिनं काढला होता तो. घरी परतताना उत्कर्षाला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं नकाशा बदलला. पुढच्या दरवाज्याशी दोन दुकानं होती, ती काढली आणि तिथे बायकांसाठी पाच खोल्यांचा ब्लॉक बसवला. दिवा, नळ, आतून कडी, सगळं. ऑफिसच्या सरांनी कपाळाला हात लावला. नगरपालिकेनं नकाशा परत पाठवला तर काम दुसऱ्या ऑफिसला जाईल, आणि मग रतनसरला संडास नाल्यावरच होणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. "सभेत उभं राहून तू स्वतः पटवणार असशील तर ने," म्हणाले. ती हो म्हणाली. म्हणून मोकळी झाली.

नवा नकाशा बघायला शुभंकर अलकापुरीला आला. टेबलावर पसरलेल्या कागदावर तो कितीतरी वेळ वाकून बघत होता. मग बोटानं तो पुढचा ब्लॉक हळूच चाचपला, जणू तो तिथे खरंच उभा होता. "उत्कर्षाबेन," तो म्हणाला, "हे तुम्ही केलंत?" त्याच्या डोळ्यांत जे दिसलं, त्यानं उत्कर्षाचा जीव सुपाएवढा झाला. मागचं 'बेन' मात्र तिला या वेळी खड्यासारखं लागलं.

मग दोघं सेव-उसळ खायला गेली. गाडीवाल्यानं तर्री सढळ हातानं ओतली होती. शुभंकर नाक पुसत पुसत सभेचं गणित सांगत होता, कोण बाजूचा, कोण विरुद्ध. आणि दर वाक्याला उत्कर्षाबेन, उत्कर्षाबेन... शेवटी तिनं चमचा खाली ठेवला.

"मला एक सख्खा भाऊ आहे. बडोदा ते वलसाड अपडाऊन करतो, रोज माझ्याशी भांडतो. मला तेवढा एक पुरतो."

शुभंकरला जो ठसका लागला तो लागला. पाणी प्यायला, परत खोकला. "सवय आहे," तो कसाबसा म्हणाला. "इथे सगळ्यांनाच म्हणतात..."

"सगळ्यांना म्हणा ना. मी कुठे नको म्हणतेय?"

तो तिच्याकडे बघतच राहिला... आणि पाव संपला तरी दुसरा मागायचं दोघांनाही सुचलं नाही.

सभेचा दिवस उजाडला. रतनसरच्या त्या सभागृहात चोवीस खुर्च्यांपैकी बारा बायकांच्या. पण आजवर बोलायचे ते मागच्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसलेले त्यांचे नवरे, खोकून नाहीतर खुणा करून. नगरपालिकेचे प्रमुख दिग्विजयभाई नकाशा बघून म्हणाले, की गावाच्या तोंडावर संडास बरा दिसेल का? मागून हसण्याची खसखस पिकली.

उत्कर्षा उभी राहिली. दोन्ही हात तिनं टेबलावर टेकले. "मी त्या बाजारात चार तास होते," ती म्हणाली. "चार तासांत माझी काय अवस्था झाली ते मला माहीत आहे. तुमच्या गावच्या बायका बारा तास बसतात. त्या पाणी पीत नाहीत. तुमच्या घरची भाजी ताजी राहावी म्हणून त्या भाजीवर पाणी मारतात, पण स्वतः पीत नाहीत. हे बरं दिसतं का, तेवढं मला सांगा."

मग शुभंकर उठला आणि तिच्या नकाशाच्या बाजूनं बोलला. शांतपणे, मुद्देसूद, शिकवणीत गणित सोडवावं तसा. बोलण्याच्या भरात उत्कर्षाबेननी हे दाखवलंय, उत्कर्षाबेननी ते मोजलंय... पण त्या क्षणी कुणाला भान होतं? हात वर करा म्हटलं, तसा पहिला हात वर गेला तो कोपऱ्यातल्या एका अबोल नगरसेविकेचा. मागे तिचा नवरा दोनदा खोकला. ती वळली नाही. मग दुसरा हात, तिसरा... चोवीसपैकी पंधरा. त्यांतले अकरा बायकांचे. ठराव मंजूर झाला आणि उत्कर्षाचे डोळे भरून आले. आयुष्यात इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता. स्वतःचा वाटला, त्या अकरा हातांचा वाटला, आणि समोर कान लाल करून उभ्या असलेल्या त्या माणसाचा सगळ्यांत जास्त वाटला.

पंधरा दिवसांनी इतिवृत्ताची प्रत ऑफिसात आली. तिनं ती तीनदा वाचली. तिचं नाव सरकारी कागदावर... आणि शुभंकरच्या भाषणात प्रत्येक वेळी नावामागे ते 'बेन'चं शेपूट. रतनसरचा हेडक्लार्क शब्दाला पक्का, एक अक्षर गाळायचा नाही. मोजायचं नव्हतं, तरी तिनं मोजलं. आठ.

त्या रविवारी तो बडोद्याला आला होता. तिनं प्रत त्याच्यापुढे धरली. "वाचा. नगरपालिकेच्या दप्तरी तुमची बहीण म्हणून माझी नोंद झाली. शिक्क्यासकट. आता यावर कुणी काय बोलायचं?"

ती हसत होती, पण शेवटच्या शब्दाला आवाज जरा हलला. शुभंकर हसला नाही. कागद वाचून त्यानं घडी घातली आणि खिशात ठेवला. "पुढच्या सभेला याल?" एवढंच विचारलं त्यानं.

पुढची सभा तीन महिन्यांनी भरली. त्याच सकाळी पुढच्या दरवाज्याशी नव्या ब्लॉकची फीत कापली गेली. कापली मंगुबेननी, भाजीच्या सुरीनं. मग त्यांनी तांब्या उचलला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा रिकामा केला. उत्कर्षानं तोंड फिरवून डोळे पुसले.

बायका तशाच सभागृहात येऊन प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसल्या, त्यांच्यात उत्कर्षाही. पहिलाच विषय नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. कुणाची काही दुरुस्ती? असं प्रमुख नेहमी विचारतात आणि कुणी कधी बोलत नाही. आज शुभंकर उभा राहिला.

"माझ्या भाषणात दुरुस्ती आहे," तो म्हणाला. "नकाशा काढणाऱ्यांच्या नावामागे सात ठिकाणी 'बेन' लिहिलंय. ते काढावं."

हेडक्लार्क दुखावला. साहेब जे बोलले तेच त्यानं लिहिलं होतं. दिग्विजयभाईंनी चष्म्यावरून बघत कारण विचारलं.

शुभंकरचे कान लाल होते, पण आवाज सरळ होता. "तोंडातून गेलं ते सवयीनं. मनात ते नव्हतं... तेव्हाही नव्हतं, आजही नाही. या सभागृहात मी आजवर खोटं बोललेलो नाही. हे एक राहिलंय, ते सुधारून घ्यावं."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळ्यांना एकदमच कळलं. बायकांच्या खुर्च्यांवर पदर तोंडाला गेले. दिग्विजयभाई गालात हसले आणि म्हणाले, की सभेची हरकत नाही, पण नाव ज्यांचं आहे त्यांना आधी विचारायला हवं.

मंगुबेननी कोपरानं ढोसलं. उत्कर्षा उभी राहिली. आज हात टेकायला टेबलही नव्हतं.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

शुभंकरचा चेहरा पांढरा पडला.

"सात नाही. आठ ठिकाणी आहे. मी मोजलंय."

मग काय, सभागृहात जो हलकल्लोळ झाला तो आवरायला प्रमुखांना घंटी वाजवावी लागली. हेडक्लार्कनं लाल पेन काढलं आणि एकेक जागा शोधून आठ वेळा खोडलं, शेजारी सही घेतली.

सभा संपल्यावर ती पायऱ्यांवर थांबली होती. तो आला, दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"उत्कर्षा," तो म्हणाला. नुसतंच, मागे काही न लावता.

"ओ," ती म्हणाली.